सकाळी भरलेली सिरिंज

प्रिय लिंबिकानीदादा,

ऑपरेशनं उरकून तू शहरात, ब्लांटायरला गेलास आणि तिथून फोनवर म्हणालास, ‘तमांदा, ताप म्हणजे मलेरिया. उगाच थयथयाट करू नकोस.’ आणि फोन ठेवलास. आता तर उचलतही नाहीस. म्हणून लिहितेय, पत्राला मध्येच तोडता येत नाही.

मलेरिया काय तुझं ऑपरेशन थिएटर शोधत येतो? मी रजेवर असताना तू एका दिवसात तिघींची छोटी ऑपरेशनं केलीस. सकाळचीला काही झालं नाही. दुपारच्या दोघी संध्याकाळपासून थंडीनं कुडकुडू लागल्या, ब्लडप्रेशर खाली. तपासलं तर मलेरियाचा मागमूस नाही. रक्तात वेगळेच जंतू. माझ्या जागी भूल आपल्या मदतनीस म्बेवेनं दिली होती. त्याला विचारलं, तर खाली बघत म्हणाला, ‘डॉक्टर म्हणाले, सकाळीच मोठी सिरिंज भरून ठेव. प्रत्येकीला सुई तेवढी बदल.’

सुई तेवढी बदल! अरे, किती वेळा डोकं फोडलं मी तुझ्यापुढे! ते भुलीचं पांढरं औषध तेलातलं. एकदा उघडलं आणि त्यात जंतू शिरले, की आपल्या सरोवराकाठच्या उकाड्यात वाढायला त्यांना कितीसा वेळ लागतो? शिवाय एकीचं रक्त सिरिंजमध्ये चढून दुसरीच्या अंगात जाऊ शकतं. एकीसाठी उघडलेलं तिच्यापुरतंच, उरलेलं फेकायचं. तू नुसता हसायचास, ‘शहरात शिकून आलीस ना, म्हणून नखरे.’ लहानपणी आई चांबो माशाचा मोठा तुकडा तुलाच वाढायची, तेव्हापासून तुला वाटतं, आपलंच खरं.

दुपारच्या दोघींपैकी धाकटी, झिओने, वाचली. आज पेज प्यायली, वर मीठ कमी म्हणून कुरकुरली. नसिबेको बाई मात्र गेल्या, दादा. तुला पहिली अक्षरं गिरवायला लावणाऱ्या आपल्या नसिबेको बाई. साधी गाठ काढायला आल्या होत्या.

त्यांच्या नवऱ्यानं माझे हात धरले. म्हणाले, ‘तुम्ही भावंडांनी खूप केलंत, पोरी. मलेरियापुढे कोण काय करणार?’ ते आभार मला ऐकवेनात. मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘हे सांगायला लिंबिकानी का नाही आला?’

मी म्हणाले, रविवारी येईल. तुला न विचारता शब्द देऊन बसलेय, त्यासाठी हे पत्र. चर्च सुटल्यावर ते अंगणात वाट बघतील. फाटकापर्यंत मी येईन तुझ्याबरोबर. पुढे बोलायचं तुलाच आहे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
तमांदा