दहापैकी दोन

११ जाने.
ऑपरेशनला आज सहा महिने. पाठीवर चार बारीक खुणा, डास चावल्यासारख्या. एवढ्याशा भोकांतून कमरेचे मणके स्क्रूनं जोडले म्हणे. डावा पाय मात्र जळतोच. सकाळी चप्पल निसटली, कळलंही नाही.

१३ जाने.
डॉ.कडे तपासणी. माझ्या मुलाच्या वयाचा, फार गोड पोरगा. एक्स-रे समोर धरून म्हणाला, "हाड सुरेख जुळलंय, अम्मा. दुखणं दहापैकी किती?" होतं सात. त्याचा फुललेला चेहरा पाहिला नि म्हटलं, "परवाइल्लै, चाललंय. दोन."
तीस वर्षं हिंदी शिकवली, अर्धा मार्क कुणाला फुकट दिला नाही. याला सातातले पाच फुकट देऊन बसले!

१५ जाने.
पोंगल. दूध उतू गेलं, शुभ म्हणून सगळे आनंदानं ओरडले. मी खुर्चीवर. वाकता येत नाही, जमिनीवर बसता येत नाही. कसला सण.

२ फेब्रु.
दवाखान्यातून फोन, तोच प्रश्न. "दोनच." आता कुठल्या तोंडानं शब्द फिरवू? न्हाणीघरात रडून घेतलं. मुलगा सगळ्यांना सांगतो, आई बरी झाली. ही वही उघडी पडली तरी भीती नाही. देवनागरी या तमिळ घरात माझ्याशिवाय कोण वाचतं?

१९ फेब्रु.
धाकटी बहीण शांता ओरत्तनाडूहून आली. तिचीही कंबर गेलीय. त्याच डॉ.ला दाखवून आली.
"अक्का, 'तुमच्या अक्कासारखंच होईल,' म्हणाले डॉक्टर. मग मी पण करून घेते."
सांगणार होते. बाहेर पडलं ते परवाइल्लै. जळो ही जीभ.

९ मार्च
शांता उद्या भरती होणार. आज माझ्याकडेच. पिशवी भरून झाली, वर नवी साडी. "महिन्याभरात तुझ्यासारखी चालते बघ," म्हणते. मी दात आवळून चालते, ते हिला दिसत नाही.
तिला गुण येईलही. पुष्कळांना येतो. पण ती माझ्या दोनाच्या भरवशावर निघालीय, आणि ते दोन खोटे आहेत.
तीनदा तिच्यापुढे उभी राहिले, तीनदा कॉफी विचारून परत आले. शेवटी या वहीचं पान फाडलं, तमिळमध्ये लिहिलं: सात. पहिल्या दिवसापासून सातच. साडीच्या घडीत ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.
बाहेरून विचारते आहे, "पाय कसा आहे, अक्का?"
वही मिटते, बाहेर जाते.