शनिवारचे कपडे

आसुन्सिओन, ऑगस्ट १९७७

प्रिय निल्दा,

हे पत्र इथल्या टपालात पडणार नाही. सबिनाचा भाऊ भाजीची होडी घेऊन नदीपलीकडे अर्जेंटिनात जातो, तो तिथल्या पेटीत टाकील. म्हणून आज पहिल्यांदा मोकळेपणानं लिहितेय. एरवी माझी पत्रं पाऊस आणि उकाडा यांवरच संपायची आणि तू चिडून लिहायचीस, आई, तुम्ही हवामान खात्यात नोकरीला लागलात की काय. छोटी मिर्ता त्या स्वीडनच्या भाषेत पाणी मागते हे वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आजीशी भांडण्यापुरती तरी तिला आपली ग्वारानी शिकव.

माझं ठीक आहे. यंदा साबुकंद चांगला निघाला, त्यामुळे त्याची खळ छान घट्ट होते आणि कॉलर अशी ताठ बसते की घालणाऱ्याला मान वळवता येत नाही. इस्त्रीला अजून तीन घरं आहेत. चौथ्या घरच्या बाईंनी एलादिओचं कळल्यावर कपडे टाकणं बंद केलं, पण भेटल्या की चौकशी मात्र फार प्रेमानं करतात. गुडघे दुखतात, ते तर तुझ्या नि एलादिओच्या लग्नातही दुखत होते.

एलादिओला शाळेत शिकवत असताना उचलून नेलं त्याला सोळा महिने झाले. दर शनिवारी मी काय करते हे मी तुला कधी नीट लिहिलं नाही. चौकीच्या मागल्या दाराशी आम्हा बायकांची रांग असते. धुतलेले कपडे आणि जेवणाचा डबा शिपायानं आत घेतला आणि मळके कपडे बाहेर दिले, तर आपला माणूस आत आहे. 'हे नाव इथं नाही' म्हणून गाठोडं परत आलं, तर दुसरी चौकी शोधायची. कागद नाही की शिक्का नाही, माणूस जिवंत असल्याचा दाखला म्हणजे मळके कपडे. माझं गाठोडं पहिल्या दिवसापासून घेतलं जायचं. सबिनाच्या लेकीचं, देलियाचं मात्र प्रत्येक वेळी परत यायचं. सबिना रांगेत मला टोमणा मारायची, "तुझं काय बाई, तुझा लेक हॉटेलात उतरलाय. धुवायला कपडे काय पाठवतो, नवाबच." आणि मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकायची.

तू तिकडच्या खासदारांच्या दारात वर्षभर उभी राहिलीस, सव्वीस जणांची यादी त्यांच्या हातात दिलीस, आणि त्यांनी आमच्या सरकारला पत्रामागून पत्र धाडलं, हे सगळं मला माहीत आहे. जूनच्या शेवटी त्यांतले तिघे खरोखरच आले. चर्चच्या मागच्या खोलीत बैठक होती. गोरीपान माणसं, आपल्या हिवाळ्यातही घामानं कॉलर ओल्या झालेल्या, पण कोट काढायला तयार नाहीत. त्यांतल्या बाई, चष्मेवाल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. पोलीस खात्याचा एक साहेब दाराजवळ खुर्ची टाकून तेरेरेचा गार काढा पीत होता, तुमचं चालू द्या, मी आपला कोपऱ्यात आहे, असा.

तो साहेब तीन दिवस आधी माझ्या घरी येऊन गेला होता. चहा नको म्हणाला, पाणी घेतलं. फार गोड बोलला. "मावशी, तुमचं गाठोडं आत जातं ना? मग तुमचं नाव त्या रडणाऱ्या बायकांत कशाला? परदेशी पाहुणे चार दिवस राहतील, जेवतील, विमानात बसतील. शनिवार मात्र दर आठवड्याला येतो." एवढंच म्हणाला. आवाजसुद्धा चढवला नाही.

बैठकीत त्या बाईंनी यादी वाचली. एलादिओचं नाव आल्यावर दुभाष्यानं मला विचारलं, तुमच्या मुलाची काही खबर आहे का. मी म्हणाले, आहे. तो ठीक आहे, दर शनिवारी त्याचे कपडे माझ्याकडे येतात. बाईंचा चेहरा असा उजळला की मलाच क्षणभर खरं वाटलं. त्यांनी त्याच्या नावावर बारीक रेघ मारली, साहेबानंही आपल्या वहीत काही टिपलं, आणि त्या पुढच्या नावाकडे वळल्या.

ते पुढचं नाव देलियाचं होतं. सबिना ताडकन उभी राहिली आणि साहेबासमोर म्हणाली, माझी पोर यांनी नेली, शेजाऱ्यांनी पाहिलं, आणि आता हे म्हणतात नाव नाही. तिघे खासदार मंत्र्याकडे चार वेळा गेले, देलियाला दाखवल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. पाचव्या दिवशी दाखवली. केस कापलेले, दात पडलेले, पण जिवंत. गेल्या महिन्यात तिला देशाबाहेर सोडलं. यादीतले आणखी दोघे असेच निघाले. बाकीच्यांबद्दल 'चौकशी चालू आहे'. ज्यांचं नाव रेटून विचारलं, त्यांतलेच तिघे निघाले, निल्दा. मी त्या खोलीत बसले होते आणि माझ्या मुलाचं नाव मी विचारू दिलं नाही.

तुझं पत्र आलं, त्यात होतं की खासदारबाईंनी तुला फोन करून ही खबर दिली, तू रडलीस, आणि त्याच्यासाठी थंडीचा कोट घेतलास. ते पत्र मी उशाखाली ठेवलंय, दुसऱ्यांदा वाचवत नाही.

आता खरं सांगते. तीस वर्षं मी लोकांचे कपडे धुतेय. कोणाचा शर्ट कोणाचा, हे मला नाव न वाचता कळतं. एलादिओ बाह्या कोपरापर्यंत दुमडल्याशिवाय कधी राहिला नाही, त्याच्या कफांना लहानपणापासून मळ म्हणून नाही. गेल्या ऑक्टोबरपासून शर्ट यायचे ते कफ काळेकुट्ट होऊन, आणि घामाला खोबऱ्याच्या साबणानंही न जाणारा सिगारेटचा वास. त्यानं कधी ओढली नाही, तुला माहीत आहे. पँटची कमरेची शिवण उसवलेली, बटण तुटलेलं. कोणी तरी जाड माणूस माझ्या मुलाचे कपडे घालत होता. आणि मी काय केलं? मी बटण लावलं. शिवण दोन बोटं सैल करून दिली, परत उसवू नये म्हणून. आत कैदी एकमेकांचे कपडे घालत असतील, तुरुंगात माणूस सुजतो, असं काय काय मनाला समजावलं. बैठकीत मला हे ठाऊक होतं. भीती साहेबाची होतीच, पण त्याहून जास्त भीती याची होती की मी तोंडानं बोलले तर ते खरं होईल, आणि मग शनिवारी मला कुठंच जायचं नसेल.

खासदारांचं विमान गेलं, त्याच आठवड्यात माझं गाठोडं परत आलं. 'हे नाव इथं नाही.' मी म्हणाले, वर्षभर घेत होतात की. शिपाई म्हणाला, "आजी, वर्षभर कोणी घेतलं ते मला माहीत नाही, मी नवीन आहे." तो नवीन नव्हता, त्याची कमर मी ओळखली.

म्हणून हे पत्र लिहिलं. त्या चष्मेवाल्या बाईंकडे जा आणि यातलं कपड्यांचं सगळं त्यांना जसंच्या तसं वाचून दाखव. माझं नाव, पत्ता लपवू नकोस. सांग की आईनं खोटं सांगितलं, एलादिओचं नाव यादीत परत घाला. तो त्यामुळं परत येईल असं मला वाटत नाही, तुला पुन्हा खोटी आशा दाखवणार नाही. माझ्या हातात आता काहीच राहिलेलं नाही. पण पाद्रीबाबांनी मला सरकारनं तिकडं पाठवलेल्या उत्तराची नक्कल दाखवली. सव्वीस नावांपुढं काही ना काही लिहिलंय, आणि माझ्या मुलापुढं एकच ओळ आहे: 'तो सुखरूप असल्याचे त्याच्या आईनेच सांगितले आहे.' ती ओळ तेवढी खोडायला लाव, पोरी.

तुझीच, रागावलीस तरी तुझीच,
आई