प्रकृती स्थिर

४ नोव्हेंबर, सोमवार
इमर्जन्सीत स्क्राइब म्हणून रुजू. डॉक्टर पेशंट तपासणार, मी शेजारी उभा राहून कॉम्प्युटरवर टिपणार. मेडिकल कॉलेजांनी दोनदा नाकारलं, म्हणून काय झालं? अख्ख्या डुलूथ शहराला दिसेलच. संकल्प: नाताळापर्यंत स्क्राइबच्या पुस्तकातले सगळे वैद्यकीय शब्द पाठ.

७ नोव्हेंबर
मुख्य तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची असते. एक बाई म्हणाली, छातीवर गाय बसलीय. मी सुधारून 'हार्ट अटॅक' लिहिलं. डॉ. हाल्व्हॉर्सन म्हणाल्या, कर्टिस, निदान मी करते, तू गाय लिही. जळतात. दुसरं काय!

१२ नोव्हेंबर
पेशंट दारू पीत नाही म्हणाला, तर 'दारू नाकारतो' असं लिहायचं. तोंडाला बिअरचा भपकारा असला तरी. मी पुढे 'थापा' एवढं जोडलं. बोलणी खाल्ली. पद्धतच जुनाट आहे.

२१ नोव्हेंबर, दुपार
ऑर्व्हिल ट्वेट नावाचे आजोबा. धाप लागलेली. बायको मेव्हिस त्यांचे बूट छातीशी धरून उभी. सगळे धावपळीत, म्हणून तिनं मला विचारलं, कसा आहे तो? स्क्रीनवर 'स्टेबल' होतं. म्हटलं, प्रकृती स्थिर आहे, काळजी नको. कुत्रं सकाळपासून उपाशी आहे, घरी जाऊन येऊ का, म्हणाली. मी म्हटलं, खुशाल जा. नवऱ्याला बजावून गेली, पांघरूण लाथाडू नकोस, आलेच मी. मला 'थँक यू, डॉक्टर' म्हणाली. कुठे चूक दुरुस्त करत बसा!

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
ऑर्व्हिल गेले. त्याआधी दोनदा मला विचारलं, मेव्हिस आली का? मी म्हटलं, येतेच आहे.
हाल्व्हॉर्सननी विचारलं, तिला घरी कुणी पाठवलं? मी म्हटलं, स्क्रीनवर होतं तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, स्टेबल म्हणजे या घडीला नाडी आणि ब्लडप्रेशर टिकून आहे, तेही औषधांच्या जोरावर. तासाभरानं काय, ते तो शब्द सांगत नाही. पुस्तकात हे नव्हतं. होतं म्हणे. पण ठळक अक्षरात नव्हतं.
मेव्हिस टोपीवर बर्फ घेऊन आली. उद्या घरी न्यायचं तर दाढी करायला हवी, म्हणून त्यांचा रेझर आणला होता. थेट माझ्याकडेच आली. डॉक्टर, कुठल्या खोलीत हलवलंत त्याला?
मी हाल्व्हॉर्सनकडे बोट दाखवलं.

२२ नोव्हेंबर
माझा दोष नाही. शब्दाचा आहे. अंत्यविधीला जाऊन तिला नीट समजावून सांगायचं. मुद्दे काढले.

२६ नोव्हेंबर
चर्चच्या तळघरात जेवण होतं. मुद्दे खिशात. तोंड उघडणार, तोच तिनं माझा हात धरला आणि बहिणीला सांगितलं, हे डॉक्टर, शेवटपर्यंत ऑर्व्हिलजवळ होते. मग हळूच विचारलं, काही बोलला का हो तो?
म्हटलं, नाही. झोपेतच गेले.
बरं झालं, म्हणाली. मला वाटलं, माझी वाट बघत बसला असेल.
माझ्या ताटात बटाटा-खिम्याच्या हॉटडिशचा आणखी एक डाव वाढला. म्हणाली, संकोच करू नका, त्याला फार आवडायचं.
सगळं खाल्लं.