पायवाल्या माशीची डबी

ती. दादांस,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींना झोप लागते का, ते आधी कळवा. मी बरा आहे. जेवतो वेळेवर. शेजारच्या बाई अधूनमधून वाटीतून काहीबाही आणून देतात आणि वाटी परत न्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात डोकावतात. त्या काय बघतात ते मला अजून कळलेले नाही, पण हल्ली मी वाटी घासून तयार ठेवतो आणि दारातच हातात देतो.

पत्राला उशीर झाला. ही गेल्यावर तुम्ही सगळे राहून गेलात, त्यानंतर घर आवरायला घेतले आणि एका डबीपाशी अडकलो. खोकल्याच्या गोळ्यांची ती चपटी पत्र्याची डबी, जिच्यात ही बांधलेल्या माश्या ठेवायची, ती घरात नाही. हिच्या हातच्या तेवढ्याच माश्या उरल्या होत्या. मला ती डबी हवी आहे. माझा कोणावरही संशय नाही. त्या दिवसांत घरात कोण कोण येऊन गेले एवढेच मी आठवून पाहिले.

हे पत्र वहिनीही वाचणार, म्हणून थोडे सांगतो. (तुम्हाला सांगायला नको. हिला लहानपणी नदीवर नेऊन गळाने मासे धरायचा हा नाद तुम्हीच लावलात.) थंड, खळाळत्या पाण्यात दगडांच्या पोटाशी दगडमाशीचे पिल्लू राहते. पंख फुटायच्या आधीचे, तपकिरी, सहा पायांचे, मागे दोन शेपट्या. दगडावरचा पाय सुटला की ते पाण्याबरोबर लोळत जाते आणि मासा ते गिळतो. त्या पिल्लाचे सोंग गळावर बांधायचे. पाय रबरी धाग्यांचे, म्हणजे ते पाण्यात आपोआप वळवळतात आणि मासा फसतो. ही त्या माशीला पायवाली म्हणायची. लोकांच्या घरी रिकामी माणसे माश्या मारतात, आमच्या घरी कामाची माणसे माश्या बांधतात, असे मी एकदा दुकानात म्हणालो होतो. (मी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासतो. तिथे विनोद फारसे होत नाहीत. त्यालाही कोणी हसले नाही.)

डबीच्या बाबतीत पहिले नाव साहजिकच बगळ्याचे येते. बगळा म्हणजे बस डेपोतला तो निवृत्त मेकॅनिक, जो दर रविवारी हिच्याबरोबर नदीवर जायचा. उंच आहे म्हणून बगळा म्हणतात असे मला वाटत होते. तसे नाही. त्याचा एक गमबूट गळतो, म्हणून तो पाण्यात एकाच पायावर उभा राहतो. नवा गमबूट का घेत नाही, हा आणखी एक प्रश्न. ही गेल्यापासून तो दर रविवारी सकाळी येतो, खुर्चीत बसतो आणि हिच्या कपाटाकडे बघत चहा पितो. मी त्याच्याकडे बघत चहा पितो.

चोर सापडेपर्यंत आपणच एक पायवाली बांधावी, असे ठरवून मी हिचा ड्रॉवर उघडला. गळ होते, शिशाची बारीक तार होती, तपकिरी लोकर होती, नखांना लावायच्या रंगाची बाटली होती (गाठ सुटू नये म्हणून तिच्यावर थेंब सोडायचा) आणि रबरी धाग्यांची एक जुडी होती. त्या जुडीपाशी माझे डोळे उघडले. दादा, माझ्या पायजम्यांची इलॅस्टिके कित्येक वर्षे सैल पडत आली आहेत. नवा पायजमा आणावा आणि त्याने लवकरच कमरेवरून उतरायला लागावे, असे चालले होते. मी लॉन्ड्रीवाल्याला धरले. तो म्हणाला, “साहेब, मी कपडे धुतो, खेचत बसत नाही. तुमचं पोट आत गेलं असेल.” मी लॉन्ड्री बदलली. तिथेही तेच. ही तेव्हा पूर्णपणे माझ्या बाजूने होती. “या लोकांचा काही भरवसा नाही हो,” असे म्हणत नाडी ओवून द्यायची. त्या जुडीला माझ्या पायजम्याची निळी किनार अजून चिकटलेली आहे. प्रत्येकातून दोन-चार धागे, बेताने, कोणाला संशय येणार नाही असे काढलेले. म्हणजे नदीतले मासे इतकी वर्षे माझ्या कमरपट्ट्याला फसत होते, आणि ज्या घरात मी चमचेसुद्धा मोजून ठेवतो त्या घरात चोर माझ्यासमोर बसून माझ्याशी सहमत होत होता. मी रागवायला हवे होते. पायजमा मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो, पण काही जमले नाही. कपडे मात्र पुन्हा जुन्या लॉन्ड्रीत टाकले. कारण सांगितले नाही. आता तो लॉन्ड्रीवाला माझ्याकडे संशयाने बघतो.

भिंगे घासणाऱ्याला बारीक काम जमेलच, हा माझा समज होता. भिंग एका जागी राहते. रबर राहत नाही. टेबलाच्या कडेला शिकंजा बसवून त्याच्या चोचीत गळ अडकवला, त्यावर शिशाची तार गुंडाळली (म्हणजे माशी तळाला जाते), लोकर चढवली, इथवर ठीक होते. मग एक पाय दोऱ्याखाली घ्यावा तर दुसरा निसटून चहात पडे. ही दोऱ्याचे टोक दातांत धरायची आणि तशीच, दात न उघडता, माझ्याशी बोलायची. मला वाटायचे, ही माझ्यावर चिडून बोलते आहे. मीही दोरा दातांत धरून पाहिला. तसेच बोलता येते.

बगळा आला तेव्हा माझी पायवाली तयार होती. त्याने ती तळहातावर घेतली.

“हे काय, झुरळ?”

“पायवाली.”

“झुरळाचे पाय तरी सारखे असतात.” मग ती परत देत म्हणाला, “येता का नदीवर?”

हा माणूस मला घराबाहेर का काढतो आहे, असे आधी मनात आले. पण घराला कुलूप मीच लावले आणि किल्ली मोज्यात ठेवली, तेव्हा गेलो.

पाण्यात उभे राहिल्यावर त्याने मला शिकवले. शिकवले म्हणजे ओरडला. “वरच्या अंगाला टाका! आता येऊ द्या तळातून लोळत. दोरा जरा थबकला की समजा, पाणी मुरतंय. दगड असेल म्हणून सोडून देऊ नका. संशय घ्या, राव! तेवढं तरी तुम्हाला जमेल.” (ही घरच्या गोष्टी नदीत उभी राहून बोलायची, असे दिसते.) मी आधी त्याची टोपी पकडली, मग काठावरचे झुडूप, मग माझी स्वतःची बाही. त्यानंतर दोरा जिथे जिथे थबकला तिथे तिथे मी संशय घेतला. दगड निघाला, शेवाळ निघाले, पुन्हा दगड निघाला, एकदा बगळ्याचा गमबूट निघाला, गळका नव्हे तो. “आता तोही गळका केलात!” असे तो म्हणाला आणि उभे कोणत्या पायावर राहावे याचा विचार करत राहिला. त्याने स्वतः काहीच पकडले नाही. पुढे दोरा पुन्हा थबकला. मी ओढला, आणि दादा, दगड चालू लागला.

मासा ठिपक्यांचा होता, मोठा होता. तो एकदा वर आला आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिणार नव्हतो, पण बगळा भेटला की तुम्हाला सांगेलच. मी “अगं, बघ, बघ!” असे ओरडलो. काठावर अर्थातच कोणी नव्हते. बगळा त्या वेळी गमबुटातले पाणी ओतण्यात फारच गढून गेला होता. त्याची एवढी एक गोष्ट मला आवडली. तेवढ्यात मासा माझी गाठ सोडवून, पायवाली घेऊन निघून गेला. माशी कुठे शिंकली म्हणाल तर गाठीत. मी एक फेरा कमी घेतला होता.

मग आम्ही काठावर बसून त्याच्या डब्यातले अर्धे अर्धे खाल्ले. माणूस ओला आणि भुकेला असताना खरे बोलतो, म्हणून मी विचारून घेतले. डबी तू नेलीस का?

“मी? ती दादांच्या कोटात वाजत होती,” तो चावता चावता म्हणाला. “स्टँडवर त्यांची बॅग मीच नाही का चढवली? डाव्या खिशात.”

मी त्याला स्पष्ट सांगितले की आमच्या दादांबद्दल असले बोलायचे काम नाही. तो म्हणाला, “बरं.” माझा त्याच्या बोलण्यावर अजिबात विश्वास नाही. फक्त, खोटे बोलणाऱ्या माणसाला डावा खिसा कशाला हवा, एवढाच विचार मी घरी येईपर्यंत करत होतो.

असो. डबीचे मनाला लावून घेऊ नका. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तिकडे गारठा असेल, कोट घालत जा.

तुमचा,
मेहुणा
(ही गेली तरी हे नाते चालू राहते, असे मी धरून चालतो. तसे नसल्यास कळवावे.)

ता. क. कोट घालाल तेव्हा डावा खिसा सहज चाचपून पाहावा. अस्तर फाटले असेल तर आतही.

आणखी ता. क. डबी सापडली तर लाजू नका. तुमचीही ती बहीणच होती. मीही कदाचित न विचारताच नेली असती. त्यातल्या पुऱ्या झालेल्या पायवाल्या तुम्ही ठेवा, पाण्यात टाका, दगडात अडकवून हरवा, मी काही म्हणणार नाही. पण एक अर्धीच आहे. तिला एकाच बाजूचे पाय आहेत. दवाखान्यात जायच्या सकाळी ही तीच बांधत होती आणि “आल्यावर करते” म्हणून डबीत ठेवून उठली. ती तेवढी मला हवी. तुमचा हात चांगला आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच हात जोडून सांगतो, ती पुरी करू नका.

शेवटचे ता. क. टपालाने मात्र पाठवू नका, टपालाचा मला भरवसा नाही. स्वतः घेऊन या, आणि दोन-चार दिवस राहायचे म्हणून या. घरात फार शांत असते, आणि या शांततेचाही मला संशय येऊ लागला आहे. स्टँडवर बगळा घ्यायला येईल. माणूस चांगला आहे, आता माझा मित्रच आहे म्हणा. तो बॅग मागेल, ती द्या. डबी देऊ नका.