पालेर्मोतली सिन्योरा

श्री
सिल्वासा, १४ मे २०२३

चि. प्राजूस,

अनेक उत्तम आशीर्वाद. फोनवर तू विचारतेस आणि मी विषय बदलते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. हे शेजारीच बसलेले असतात, आणि डोकमर्डीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातली कुजबुजसुद्धा हॉलमध्ये ऐकू जाते. म्हणून आपली पत्रांची जुनी सवय बरी.

आधी तुझ्या पुस्तकाचं. बोलोन्यातलं रहस्य यांनी वाचून काढलं. तुझा पोलीस कमिसार तुल्लिओ भर जुलैच्या दुपारी खुन्यामागे पळतो, ते यांना अजिबात पटलेलं नाही. म्हणाले, प्राजक्ताला सांग, उकाड्यात माणूस पळत नाही, भिंतीच्या सावलीने चालतो. जन्मभर सूतगिरणीत मेंटेनन्स पाहिलेल्या माणसाचं मत आहे, मान दे. आणि माझं मत विचारशील तर तुझ्या बोलोन्याच्या चौकाला आमच्या किलवणी नाक्याचा वास येतो. इटलीत पाऊल न ठेवता तिथली माणसं घामाने भिजवतेस, धन्य आहे तुझी! नव्या पुस्तकातल्या पालेर्मोसाठी उन्हाळा कमी पडला तर इथून पोतंभर पाठवते.

आता खरं ते लिहिते. वापीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की यांचा विसराळूपणा वयाचा नाही, आजार आहे आणि तो वाढत जाणार. गेल्या आठवड्यात दुपारी माझा डोळा लागला आणि हे दार उघडून निघून गेले. पायात चप्पल नाही. मी रिक्षा करून सगळं सिल्वासा पालथं घातलं. शेवटी खेरडीहून फोन आला. झिपरू म्हणून एक शेतकरी आहे, त्याने यांना रस्त्यावरून आणून झाडाखाली बसवलं होतं, पाणी पाजलं होतं, आणि खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला होता. मी पोचले तर हे त्याला विहिरीच्या मोटरचा आवाज का बदललाय ते समजावत होते.

पण प्राजू, त्याच्या आधीचं कोणालाच सांगितलेलं नाही. यांना शोधताना रिक्षा एका कारखान्याच्या फाटकापाशी थांबली होती. अंगावर झळा येत होत्या. आणि माझ्या मनात आलं, सापडलेच नाहीत तर आज रात्री मला झोप मिळेल. फक्त झोप. लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. तेव्हापासून दुधाला जाताना मी बाहेरून कडी लावते. मनात आलं ते यांना कळता कामा नये, आमच्या चेतनला तर नाहीच. तो पोरगा दुबईत बसून काय करणार आहे? तुझ्यापाशी ठेवते आहे, ठेव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
उषाताई

———

पुणे, २२ मे २०२३

ती. उषाताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून खूप रडले. ताई, असं मनात येणं म्हणजे पाप नव्हे, तू दमली आहेस. मी तिथे असते तर तुला दोन दिवस नुसतं झोपवलं असतं. जे लिहिलंस ते माझ्यापाशीच राहील, एवढं तरी माझ्यावर सोड.

भाऊजींना सांग की तुल्लिओ यापुढे पळणार नाही, शब्द दिला. पालेर्मोचं काम मात्र अडलंय. तिथे आफ्रिकेकडून एक गरम वारा येतो, तो सुटला की लोक खिडक्यांच्या झडपा लावून अंधारात बसतात. हे सगळं मला माहिती आहे, पण त्या अंधारात बसलेलं माणूसच दिसत नाहीये. असो, ते माझं दुखणं.

एक विचारू? काळजीपोटी विचारते. तू कडी लावतेस तेव्हा आतून ते काही म्हणतात का? तू परत आल्यावर दारातच उभे असतात की बसलेले? आणि खेरडीला तुला पाहिल्यावर त्यांनी लगेच ओळखलं का? सविस्तर लिही. लिहिल्याने मन हलकं होतं.

तब्येतीला जप. धाकटीवर लोभ असू दे.
तुझी,
प्राजू

———

सिल्वासा, ४ जून २०२३

चि. प्राजूस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राने खरंच हलकं वाटलं. विचारणारं तरी कोण आहे मला?

कडी लावते तेव्हा हे काही म्हणत नाहीत. परत येते तेव्हा दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेले असतात, आणि मी आत आले की विचारतात, दूध ताजं आहे ना? खेरडीला आधी ओळखलं नाही. मला बाई म्हणाले. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून म्हणाले, ही आमच्या घरातली पिशवी आहे. मी हसले, आणि रिक्षात बसल्यावर तोंडावर पदर घेतला.

बाकी ठीक. आमच्या शाळेतल्या भारतीबाई कैऱ्या देऊन गेल्या, मेथांबा केलाय. तुझं नवं पुस्तक कधी येणार, असं हे मला रोज विचारतात. बाकी सारं विसरतात, तुल्लिओला विसरत नाहीत.

आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
तुझी,
उषाताई

———

सिल्वासा, १९ एप्रिल २०२४

प्राजक्ता,

तुझं पुस्तक पोचलं. प्रकाशकाच्या पाकिटातून आलं, सोबत तुझी एक ओळसुद्धा नव्हती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

यांना आता ओळी नीट लागत नाहीत, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवत होते. पालेर्मोतला ऑगस्ट, गरम वारा, झडपा लावलेली घरं. छान लिहिलंयस, मी मध्येच थांबून तसं म्हणालेसुद्धा. मग तो निवृत्त न्यायाधीश आला, विसरभोळा, अनवाणी. मग त्याची बायको, सिन्योरा लिदिया, बाहेरून कडी लावणारी. मग ती पिशवी. तरी मी वाचतच होते, प्राजक्ता. पुढे ती गाडीत बसून म्हणते की तो सापडलाच नाही तर आज रात्री मला झोप मिळेल. माझं वाक्य माझ्याच तोंडून यांच्यासमोर बाहेर पडलं, आणि ते पडून गेल्यावर मला कळलं की मी काय वाचलं.

मी पान उलटलं. हे म्हणाले, तू गाळलंस. पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत बसले, अगदी संध्याकाळपर्यंत. माझ्या मनात जे क्षणभर येऊन गेलं, ते तुझी लिदिया करते. वारा सुटलेल्या दुपारी मुद्दाम कडी काढते, नवरा उन्हात जाऊन मरतो, आणि तुल्लिओ तिला बेड्या घालतो. वाचून झाल्यावर हे माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, उषा, त्या दिवशी तू दार मुद्दाम उघडं ठेवलं होतंस का?

इतकी वर्षं संसार केला आणि या माणसाने मला असं विचारलं.

मी नाही म्हणाले, त्यांनी मान हलवली. सकाळी सगळं विसरले होते. मला वाटलं, सुटले. तर चहा घेताना विचारलं, प्राजक्ताचं नवं पुस्तक आलं का गं? टेबलावर दिसलं, उचललं, आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. तेव्हापासून हे असंच चाललंय. ते पुस्तक संपवतात, माझ्याकडे बघतात, तेच विचारतात. मग विसरतात आणि पुन्हा वाचायला घेतात. लपवून ठेवलं तर सगळी कपाटं उपसतात, लहान मुलासारखे रडतात. तुझ्या वाचकांना खुनी एकदाच सापडते. आमच्या घरात ती रोज नव्याने सापडते.

तू मला प्रश्न विचारले होतेस. मी काळजी समजून उत्तरं दिली.

उषा

———

पुणे, २७ एप्रिल २०२४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. कुठून सुरू करू? तू फोन उचलत नाहीस.

ताई, लिदिया म्हणजे तू नाहीस. नाव बदललं, देश बदलला, भाऊजींना न्यायाधीश केलं. कोणाला कळणार, असं वाटलं होतं. वाचकांची पत्रं येतायत की लिदिया त्यांना सगळ्यांत खरी वाटली. ते वाचताना मला आनंद होतो आणि लगेच तुझा चेहरा आठवतो. लिहिणारी माणसं जगातूनच उचलतात, हे मी सगळ्यांना सांगत आले. स्वतःला सांगायला गेले तर जीभ रेटत नाही.

खरं विचारशील तर पहिला प्रश्न काळजीनेच विचारला होता. बाकीच्यांचं सांगता येत नाही. तुझं उत्तर आलं त्या संध्याकाळी मी ते प्रकरण लिहिलं. पाकिटात चिठ्ठी घालायला बसलेही होते, पण काय लिहावं ते सुचेना.

दुसऱ्या आवृत्तीत तो भाग काढायला सांगते. मी येते, भाऊजींच्या पाया पडते, त्यांना समजावते. ताई, फक्त ये म्हण.

रागावलीस तरी मला तोडू नकोस.
तुझीच,
प्राजू

———

सिल्वासा, ९ जून २०२४

प्राजक्तास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. काही काढू नकोस. इथे आमच्याकडे आलेली प्रत तशीच राहणार आहे, आणि हे तीच वाचणार आहेत.

यायचं तर ये. घर तुझंही आहे, जेवायला वाढेन, अंथरूण घालेन. पण समजवायला येऊ नकोस. ते काम मी केलं आहे.

आता बाहेर जाताना कडी लावत नाही. खालच्या मजल्यावरची गुड्डी तेवढा वेळ यांच्यापाशी येऊन बसते. यांना दमदाटी करून गुजराती शिकवते, आणि हेही शिकतात. चेतनलाही सगळं कळवलं. बिचारा फोनवर म्हणाला, आई, मला आधी का नाही सांगितलंस? म्हटलं, चुकीच्या ठिकाणी सांगितलं.

मागच्या आठवड्यात यांनी पुस्तक पुन्हा संपवलं आणि तोच प्रश्न विचारला. या वेळी मी नुसतं नाही म्हणाले नाही. शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. माझा डोळा लागला तिथपासून, रिक्षात मनात आलं ते, त्याच शब्दांत. यांनी पूर्ण ऐकलं. त्या दिवशी ते अगदी पूर्वीसारखे होते, डोळ्यांत ओळख होती. बराच वेळ माझा हात हातात धरून बसले, आणि मग बोलले. त्या रात्री आम्ही दोघंही उजाडेपर्यंत झोपलो. सकाळी ते विसरले होते. मी विसरले नाही. पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा सांगेन.

ते काय बोलले, हे मी तुला लिहिणार नाही.

कळावे.
उषा