निरोगी डोकी

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, बाबा गुडघे दुखत नसतानाही कुरकुरतात, आणि दोघांची कुरकुर ऐकायला मी आहे. हाताशी फोन असताना हिला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोनवर तू विषय बदलतेस. पत्राशी तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी माझं सांगते. पहिलं सत्र संपत आलं. शरीराच्या आतली चित्रं काढायला आणि वाचायला शिकणाऱ्या आमच्या वर्गात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. निम्मे इंजिनिअर आहेत, त्यांना यकृत कुठल्या बाजूला असतं ते मी सांगायचं. चार पदार्थविज्ञानवाले, त्यांना चुंबक कळतो, माणूस कळत नाही. दोन डॉक्टर आहेत, गणिताचा तास आला की ते शेवटच्या बाकावर सरकतात. एक दातांची डॉक्टरीण आहे, दोन मुलांची आई. ती आमचेही डबे संपलेत की नाही ते बघते. आणि एक्स-रेच्या खोलीत वीस वर्षं काढून शिकायला आलेला एक गृहस्थ, त्याला सगळे आजोबा म्हणतात. जीवशास्त्रातून आलेली मी एकटीच. तुझ्या वेळी तू होतीस तशी.

सरांनी मला एक जादा काम लावलं आहे. विभागाच्या वेबसाइटवर एक पान आहे, आमच्याकडे कोण कोण शिकायला येतं आणि पुढे जाऊन काय करतं, याचं. तुझ्या वेळीही असेल. ते जुनं झालं, म्हणून मागच्या तीन तुकड्यांतल्या सगळ्यांना फोन करून नवे आकडे काढायचे. मी विचारलं, मीच का. सर म्हणाले, ‘‘तुला प्रश्न विचारायची हौस आहे, ती कुठेतरी कामी येऊ दे.’’ तू मला चोंबडी म्हणतेस, त्यांनी तेच सभ्य भाषेत सांगितलं.

त्या पानावर लिहिलं होतं की दहातले नऊ जण वर्षभरात आपल्या क्षेत्रात कामाला लागतात. आकडा इतका गुटगुटीत असला की मला संशय येतो. फोन करायला लागले तशी गंमत कळली. ‘संशोधनात’ म्हणून दाखवलेली एक मुलगी आमच्याच विभागात सहा महिन्यांच्या बोलीवर बसवलेली. एक जण चक्क घरं विकतो. तो म्हणाला, ‘‘लोकांना आतलं दाखवायचंच काम आहे की, क्षेत्रातच धर.’’ आणि ज्यांचा फोन लागला नाही त्यांना मागच्या वेळी सरळ गाळून टाकलेलं. गाळलेले धरले की नवाचे सात होतात. मी सरांना तसं सांगितलं. वाटलं, आता चिडतील, सारवासारव करतील. ते म्हणाले, ‘‘सात तर सात. खरं असेल ते टाक.’’ यावरून तर माझा संशय दुप्पट झाला. एवढा सरळ माणूस काहीतरी मोठं लपवत असणार.

फोन करता करता तुझी तुकडी आली आणि तुझं नाव आलं.

तू कुठे आहेस ते आम्हाला पाठच आहे. आई भाजीवालीलासुद्धा सांगते: मोठी स्कॅनरच्या कंपनीत आहे, गावोगावच्या हॉस्पिटलांत यंत्रं बसवते, पायाला भिंगरी आहे पोरीच्या. तरी कामात खोट नको म्हणून मी कंपनीत फोन लावला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, ‘‘हो, निवड झाली होती त्यांची. पण रुजूच झाल्या नाहीत.’’

मी म्हटलं, ‘‘असं कसं? दीड वर्ष त्या तुमच्याकडेच आहेत.’’

‘‘मग आमचीच गाठ पडलेली नाही अजून,’’ तो म्हणाला.

हसून फोन ठेवला खरा, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मग मागचं सगळं एकेक करून आठवायला लागले. आतेभावाच्या लग्नाला तू आली नाहीस. बाबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला आली नाहीस. बाबा त्या दिवशी म्हणाले, ‘‘थोरलीच्या डोक्यात हवा गेली,’’ आणि मी मान डोलावली. मधले कितीतरी महिने तुझ्या फोनचा कॅमेरा बिघडलेला. दुरुस्त झाला तर भर उन्हाळ्यात तुझ्या डोक्यावर लोकरीची टोपी. ऑफिसात एसी फार, म्हणे. तुझ्या मागे तुझी उशी दिसत होती ताई.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तू मला इथे येऊ देत नव्हतीस. ‘‘त्या विभागात काही राम नाही, दुसरीकडे बघ,’’ असं किती वेळा सांगितलंस. ज्या जागेचं तू स्वतः शिकत असताना तोंड फाटेपर्यंत कौतुक करायचीस तिच्यात अचानक राम राहिला नाही? मी सरळ अर्थ लावला की धाकटीनं बरोबरी केलेली हिला नको आहे. हट्टानं इथेच आले. मग ठरवलं की तू कुणाशी तरी गुपचूप लग्न करून बसली आहेस. मग ठरवलं की सरांशी तुझं काहीतरी वाजलं, आणि त्यांनी तुझ्या वाटेत काटे पेरले. तुझं नाव काढलं की ते चष्मा पुसायला घेतात, आणि चष्मा स्वच्छच असतो.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ येत नव्हते, ते तुझ्या ध्यानात आलंच असेल.

आमच्याकडे सरावासाठी एमआरआयच्या चित्रांचा एक संच आहे, त्याचं नाव ‘निरोगी डोकी’. तुला काय सांगायचं, दर तुकडीतली मुलं एकेकदा त्या नळीत झोपतात आणि आपलं डोकं मागे ठेवून जातात. तू तेव्हा फोनवर म्हणाली होतीस की त्या ठणठणाटात मस्त डुलकी लागली. चित्रांवर नावं नसतात, फक्त क्रमांक. मंगळवारी आम्हाला काम होतं, चित्रांचे सगळे काप एकावर एक रचून डोक्याचा बाहेरचा आकार उभा करायचा. माझ्या वाट्याला सात नंबर आला.

पडद्यावर हळूहळू एक चेहरा वर आला. डोळे मिटलेले, केस नाहीत (ते यात उमटतच नाहीत), राखाडी रंग. मला हसूच आलं, कारण नाक बाबांचं होतं. मग कानाची पाळी दिसली. फाटलेली.

ती पाळी मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी दीड वर्षांची असताना तुझ्या कडेवर बसून कानातलं ओढलं होतं. आई अजून सांगते की रक्त तुझं आलं आणि भोकाड मी पसरलं.

पण पडद्यावर फाटका कान उजवा होता आणि तुझा डावा आहे. केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. जगात बाबांच्या नाकाची माणसं काय कमी असतील? डबा खाल्ला, आजोबांशी थट्टामस्करी केली. दुपारी सर माझं काम बघायला आले आणि बघता बघताच म्हणाले, ‘‘उजवं-डावं उलटं भरलंयस. प्रत्येक तुकडीत एक जण करतोच.’’ त्यांनी एक कळ दाबली. कान डावीकडे गेला. आणि मग सरांनीही तो चेहरा नीट पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा काढला.

चेहऱ्यावरून कुणी ओळखेल याचं त्यांना आधी भान नव्हतं ताई. नाव काढलं की झालं, असं सगळ्यांना वाटत आलं. हल्ली चेहराही पुसून मगच चित्रं देतात. या जुन्या संचाचा पुसायचा राहून गेला.

मी विचारलं, ‘‘ही निरोगी डोक्यांत आहे ना सर?’’ कारण तोवर मी आतले काप पाहिले होते. कपाळाच्या मागे, एका बाजूला, एक ठिपका होता. वाटाण्याएवढा. आणि हे सरांना सांगितलं नाही, तुला सांगते: जेवणाच्या सुट्टीआधी मी पुढच्या सत्राचा संचही उघडून बघितला होता, ‘आधी आणि नंतर’ नावाचा. तिथेही तेच नाक होतं. तिथे कवटीला खिडकी पाडून परत बसवल्याची रेघ होती, आणि ठिपक्याच्या जागी काळी पोकळी. काळी म्हणजे चांगली की वाईट, ते मला वाचता येत नाही. ते आम्हाला पुढच्या सत्रात आहे.

वर्गातल्या दोन डॉक्टरांना विचारता आलं असतं. दोनदा त्यांच्या बाकापर्यंत जाऊन आले. तुझं डोकं कुणापुढे असं उघडून धरायला जीव धजावला नाही.

सर दार लावून म्हणाले, ‘‘मी काही सांगू शकत नाही, तुला कळतंय ना? तिनंच मुलांना शिकायला म्हणून ती चित्रं दिली. एवढंच म्हणाली होती की घरी कळू नये.’’ मग म्हणाले, ‘‘तिलाच विचार. पण विचार मात्र नक्की.’’ सात नंबर निरोगी डोक्यांतून तेव्हाच काढायला हवा होता, असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी त्या संध्याकाळी दोन्ही संच काढून टाकले. आणि अशा माणसाला मी महिनाभर खलनायक ठरवत होते.

मला तुझा राग आला आहे, ते आधी लिहून टाकते. डुलकी काढायला नळीत गेलीस आणि हे घेऊन बाहेर आलीस, आणि आम्हाला यंत्रं बसवल्याच्या गोष्टी सांगत बसलीस. शुद्धीवर आलीस तेव्हा उशाशी कोण होतं? पाणी कुणी दिलं? तुझ्या तोंडची एकेक गोष्ट आता मला उलटी करून बघावी लागते. दौऱ्यावर आहे म्हणायचीस तेव्हा कुठल्या कॉटवर होतीस? आणि हे सगळं सोसून तू रोज फोनवर मला विचारायचीस की जेवलीस का.

राग आहे, पण भीती त्याहून जास्त आहे. मंगळवारपासून तू जेवलीस का विचारलंस की मी खोटंच हो म्हणते.

आई-बाबांना मी काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. ते तू सांगायचं. मी शेजारी बसेन, आई रडली तर तिला धरेन, बाबा ओरडले तर त्यांच्यावर ओरडेन. घरातली बातमी पोटात ठेवण्याची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ, याची नोंद घे.

आणखी एक. त्या पानासाठी प्रत्येकापुढे एक खूण करायची असते: नोकरी, पुढचं शिक्षण, इतर, किंवा माहीत नाही. सगळ्यांच्या झाल्या, तुझी राहिली आहे. सर म्हणाले, राहू दे, इतके दिवस राहिलं तसं. पण पान कोरं ठेवणारी मी नव्हे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीपुढे मी ‘माहीत नाही’ अशी खूण करणार नाही.

म्हणून शनिवारी येते आहे. पत्ता या पाकिटावर आहे तोच, की तोही खोटा? असला तरी शोधून काढीन, मला ओळखतेस. काम आहे, दौरा आहे, पाहुणे आहेत, यातलं काही कळवू नकोस. काळी म्हणजे काय ते तू मला समजावून सांग. चांगली असेल तरी सांग, वाईट असेल तरी सांग. शिकवायला तुझ्याइतकं चांगलं कोणी नाही.

बेल वाजली की दार उघड. टोपी न घालता उघड.

तुझा कान फाडणारी,
चोंबडी