एकतीस वर्षांचा नवखा

प्रिय प्रभा,

रोजे सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी सकाळी मी काय केलं ते तुला सांगायचंच राहून गेलं. फोनवर सांगायला घेतलं की संग्राम शेजारच्या खाटेवरून मध्येच बोलतो आणि सगळी गंमत निघून जाते. म्हणून आता निवांत लिहितो. त्या दिवशी पहाटेची बांग व्हायच्या आधीच जाग आली. आंघोळ केली, कपाटाच्या दाराआड देवाची तसबीर आहे तिच्यापुढे उदबत्ती लावली, माळ ओढली आणि तिथेच मांडी घालून एक नियम लिहायला बसलो. बेसबॉलचा नियम. हस खुशाल. आपल्या शाळेत ज्याने हा शब्दसुद्धा ऐकला नव्हता तो माणूस पन्नाशीला टेकल्यावर इथे गल्फमध्ये, फहाहीलच्या खोलीत बसून ठरवत होता, की अमेरिकेच्या मैदानावर नवखा कुणाला म्हणायचं.

पण त्याआधी एक सांगतो, म्हणजे मी भलतंच काहीतरी लिहीत बसलोय असं तुला वाटणार नाही. दिवाळीत आलो होतो तेव्हा, निघायच्या आदल्या दिवशी तुळशीपाशी पणती ठेवताना तू विचारलंस, आता मी तिकडे येऊ का. आई गेल्या, आर्यन पुण्याला होस्टेलवर, घरात आता मी नि घड्याळ, असं म्हणालीस. मी 'बघू' म्हटलं. त्यावर तूच म्हणालीस, "आणि येवन तरी काय करू? माका थंय कोण वळाखतला?" मग तू हा विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. पण तो माझ्या मनातून एक दिवसही उतरलेला नाही. गावातलं प्रत्येक पोर तुझ्या अंगणवाडीतून पुढे गेलंय. एस.टी.चा ड्रायव्हरसुद्धा 'बाई बसल्या काय' असं विचारल्याशिवाय गाडी सोडत नाही. ती बाई इथे आली की माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आलेली माझी बायको, एवढीच ओळख राहणार. तिकडे शिकवणाऱ्या, ऑफिस सांभाळणाऱ्या बायका इथल्या चार भिंतींत बसून खिडकीतून पार्किंग बघताना मी पाहिल्यात. तुझं सगळं केलेलं एका विमानप्रवासात शून्य व्हावं हे मला नको होतं. त्या 'बघू'च्या मागे एवढंच होतं.

आता खेळ. तुला मागे समजावलं तेव्हा तू म्हणालीस, म्हणजे लुटुपुटूचा. अगदी बरोबर. मैदानावर खरे खेळाडू तिकडे अमेरिकेत खेळतात. इथे आम्ही आळीपाळीने त्यांची नावं निवडून आपापला संघ कागदावर बांधतो. त्या निवडीच्या दिवसाला ड्राफ्ट म्हणतात. मग आपल्या गड्याने तिकडे चेंडू टोलवला की इथे आपल्याला गुण. रिफायनरीत एक अमेरिकन साहेब होते, त्यांनी हे वेड लावलं आणि जाताना लीग माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, तू कमी बोलतोस आणि सगळं वाचतोस, तूच पंच हो. पैसे लावायचे नाहीत हा माझा पहिला नियम. जो शेवटचा येईल त्याने सगळ्यांना मिसळ घालायची.

गंमत सगळी नवख्यांची असते. प्रत्येकाने एक नवखा खेळाडू निवडायचा आणि तो तीन वर्षं तुमचाच. दुसरा कुणी हात लावू शकत नाही. त्यामुळे कोवळं पोर हेरायचं, ते मोठं होताना बघायचं, यात सगळ्यांचा जीव अडकतो. गेल्या वर्षी हा नियम मी मराठीत लिहून दिला होता, 'ज्याने आजवर वरच्या दर्जाचं बेसबॉल खेळलेलं नाही तो नवखा.' मला वाटलं, किती नेटकं लिहिलं. पण कुठल्या देशातलं बेसबॉल ते लिहायला विसरलो. आणि यंदा जपानचा एक गोलंदाज अमेरिकेत चाललाय. त्याला गोलंदाज म्हणायचं का ते माहीत नाही, चेंडू टाकतो म्हणून म्हणतो. वय एकतीस. जपानमध्ये दहा वर्षं असा खेळला, की लहान मुलं त्याच्या नावाच्या टोप्या घालतात. अमेरिकेत मात्र अजून एकही चेंडू टाकलेला नाही. संग्रामने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं की तो याला नवखा म्हणून घेणार. बँकेतल्या नंदकुमारने माझ्याच नियमावर बोट ठेवलं, की जपानमधलं बेसबॉल वरच्या दर्जाचं नाही असं म्हणायची तुमची हिंमत आहे का. तेव्हा ड्राफ्टच्या आधी नियम दुरुस्त करणं भाग होतं. उदबत्ती विझेपर्यंत बसलो, तरी सहा ओळी लिहिल्या आणि सहाही खोडल्या.

दस्मानला नंदकुमारच्या घरी जमलो. राष्ट्रीय दिनाचे झेंडे अजून रस्त्यावर होते, समुद्राकडून गार वारा येत होता. तिथे सगळे मोठ्या आवाजातच बोलत होते. आम्ही सुरुवात कशी करतो सांगू का? मी गाऱ्हाणं घालतो. आपल्या देवळात गुरव घालतो तसंच, फक्त त्यात खेळाडूंची दुखणी येतात. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हय परमुलखात जमली हत, तेंच्यात जो काय तंटो आसात तो दूर कर म्हाराजा," असं मी म्हटलं की सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि त्यात फरहतभाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. ते चिपळूणकडचे, इथे एका क्लिनिकच्या प्रयोगशाळेत आहेत. म्हणतात, गाऱ्हाणं कोकणाचं आहे, मी पण कोकणाचा आहे, मला कोण अडवतो. रोज्यांच्या आधी ड्राफ्ट उरकू हा आग्रहही त्यांचाच, कारण उपाशीपोटी खेळाडू निवडले की सगळे जाडजूडच निवडले जातात, असं त्यांचं मत.

तंटा काही दूर झाला नाही. संग्राम म्हणाला, माझा जपानी मला द्या आणि मग हवा तो नियम करा. नंदकुमार म्हणाला, दहा वर्षं खेळलेल्या माणसाला नवखा म्हणून घेणं ही शुद्ध लबाडी आहे, उद्या तू तुझ्या आजोबांना नवखा म्हणून आणशील. संग्राम म्हणाला, आजोबा तुझ्या पूर्ण संघाला भारी पडतील. फरहतभाई मला म्हणाले, उदयराव, बघा, आपल्याला इथे आल्यावर नवखं म्हणाले तेव्हा पगार कमी झाला. याला नवखं म्हणाले तर भाव वाढतोय, नशीब असावं तर जपान्यासारखं. सगळे हसले. डॉक्टर सुमेधा मात्र हसल्या नाहीत.

या सुमेधाबाई नांदेडच्या. तिथे त्यांचा स्वतःचा मुलांचा दवाखाना होता, बाहेर रांग लागायची. इथे आल्या तेव्हा पहिल्याच मुलाखतीत विचारलं, गल्फचा अनुभव किती? तो नव्हताच, म्हणून त्यांच्याहून लहान डॉक्टरांच्या हाताखाली कामाला लागल्या. हा प्रश्न इथे प्रत्येकाला विचारला गेलाय ग. मलाही. लोट्याला केमिकलच्या कारखान्यात मी मीटर लावत होतो, दुरुस्त करत होतो, नव्या पोरांना शिकवत होतो. इथे आल्यावर विशीतल्या एका मुलामागून त्याची हत्यारांची पिशवी वाहिली. त्यामुळे त्या सकाळी एका जपान्यावरून भांडण चाललं होतं खरं, पण जो तो आपलीच केस लढवत होता.

सुमेधाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याला नवखा म्हणा, मला राग नाही. मला नवखी म्हणाले त्याचाही राग नव्हता. राग याचा होता, की मी आधी काय केलं ते कुणी विचारलंच नाही." पुढे म्हणाल्या, की खरं सांगायचं तर ते पहिलं वर्ष त्यांना अजून आठवतं. अरबी आयांशी खुणांनी बोलायच्या, रात्री घरी येऊन शब्द घोकायच्या. दवाखान्याच्या शेवटच्या पाच वर्षांत त्या जेवढ्या शिकल्या नाहीत तेवढं त्या एका वर्षात शिकल्या.

प्रभा, हे ऐकलं आणि मला माझं पहिलं वर्ष आठवलं. इतकी वर्षं मी तुला त्यातली ती पिशवीच सांगत आलोय. पण बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, जाऊन अरबी आकडे वाचायला शिकलो, दुकानदाराने चूक दुरुस्त करून वर खजूर हातावर ठेवला, हे कधी सांगितलं का? वाळूचं वादळ पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घाबरून देवाचं नाव घेतलं आणि दुसऱ्यांदा गच्चीवर जाऊन बघत उभा राहिलो, हे? रिफायनरीच्या पहिल्या रात्रपाळीत बंदरावर जहाजांचे दिवे लागलेले पाहिले आणि वाटलं, हे सगळं बघायला देवाने मला इथपर्यंत आणलं. रोज काहीतरी पहिल्यांदाच होत होतं. मी त्या शून्यालाच इतका भ्यालो, की शून्यापासून पुढे मोजण्यात केवढी मजा होती ते विसरून गेलो. आणि तुला शून्य होऊ द्यायचं नाही म्हणता म्हणता ते पहिलं वर्षही मी तुझ्यापासून अडवून ठेवलं होतं. तुला विचारलंसुद्धा नाही.

नियम मग मिनिटात लिहून झाला. 'जो या मैदानावर पहिल्यांदा उतरतो तो नवखा, वय काहीही असो. त्याने आधी जिथे जे केलं असेल ते त्याच्या नावाशेजारी पूर्ण लिहावं.' दुसरं वाक्य सुमेधाबाईंचं. नंदकुमारने दोनदा वाचला, म्हणाला, बँकेत असे नियम असते तर मी आज मॅनेजर असतो, आणि हात वर केला. सगळ्यांचे हात वर झाले. संग्रामने तर दोन्ही हात वर केले.

आणि पुढे काय झालं ऐक. पहिली निवड कुणाची यासाठी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. पहिली निघाली फरहतभाईंची. त्यांनी चष्मा पुसला, यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि शांतपणे म्हणाले, जपानी. संग्रामचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ज्याच्यासाठी महिनाभर भांडला, त्याच्यासाठी नियम बदलून घेतला, तो गेला दुसऱ्याच्याच घरी. आम्ही गाडीने फहाहीलला परत आलो. मग खोलीचं कुलूप काढता काढता म्हणाला, उदयराव, नियम मात्र चांगला केलात. त्याने शेवटी एकोणीस वर्षांचा एक पोरगा घेतलाय, ज्याचं नाव आम्हा कुणालाच नीट म्हणता येत नाही. आता रोज त्याचे व्हिडिओ मला दाखवतो.

निघताना सुमेधाबाईंनी मला दारात थांबवलं. मराठी मंडळाच्या मुलांचा शनिवारचा वर्ग आहे, मुलं मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतात, शिकवायला धड कुणी नाही, तुमच्या मिसेस अंगणवाडीत आहेत ना, असं म्हणाल्या. मी हो म्हटलेलं नाही. तुझ्या वतीने हो म्हणायचा अधिकार मला नाही. आलीस तर कदाचित तुला आधी वर्षभर नुसता समुद्रच बघावासा वाटेल, नाहीतर बकाल्यात जाऊन आकडे शिकावेसे वाटतील. तुझं तू ठरव. मी फक्त कानावर घातलं.

आता मुद्द्याचं. या पत्रातली सगळी बडबड हे सांगण्यासाठी जोर गोळा करत होती. दिवाळीतल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'ये' असं आहे. बढतीनंतर माझा पगार बायकोला आणायच्या व्हिसाच्या अटीत बसतो हे मला वर्षभर माहीत होतं. ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज केला आणि या गुरुवारी तो मंजूर झाला. नोकरी सोडायची, की आधी बिनपगारी रजा टाकून इथे राहून बघायचं, हा निर्णय तुझा. परत जावंसं वाटलं तर तिकीट मी काढीन आणि तोंड पाडणार नाही. फहाहीललाच दोन खोल्या घेतल्यात, तिसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी आहे. भांडी मुद्दाम घेतलेली नाहीत, ती तुझ्या पसंतीने घेऊ. काल संध्याकाळी इफ्तारच्या वेळी रस्ते मोकळे झाले तेव्हा संग्रामने गाडी काढली आणि माझी बॅग, गादी आणि देवाची तसबीर इथे आणून टाकली. जाताना म्हणाला, वहिनींना सांगा, रविवारचं जेवण माझं इथेच. म्हणजे हे पत्र मी आपल्या घरात बसून लिहितोय, प्रभा, जमिनीवर, गादीवर. घर अजून इतकं रिकामं आहे, की मघाशी तुझं नाव घेतलं तर पलीकडच्या खोलीतून परत ऐकू आलं.

तुझाच,
उदय